वस्तूआधी तिचा माग विचार

पुणे

चि. सौमित्र यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. अमेरिकी हवाई दलाच्या एका दिवंगत अधिकाऱ्याच्या घरचं सामान विकायला निघालंय, ते ‘मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी’च्या, म्हणजे ‘मोल’च्या कामावर वरच्या हुद्द्यावर होते, आणि तुला त्यातलं बरंच काही घ्यायचंय. जरूर घे. पण माझी सगळी नोकरी दफ्तरखान्यात जुने कागद सांभाळण्यात गेली, म्हणून चार गोष्टी सांगते.

आधी कार्यक्रम नीट समजून घे. अध्यक्ष जॉन्सन यांनी तो ऑगस्ट १९६५ मध्ये जाहीर केला, तेव्हा लोकांना प्रयोगशाळा एवढंच सांगितलं होतं. खरा बेत होता हेरगिरीचा मोठा कॅमेरा आणि तो चालवणारे दोन लष्करी वैमानिक कक्षेत ठेवण्याचा. तीन तुकड्यांत सतरा वैमानिक निवडले गेले. जून १९६९ मध्ये सगळंच गुंडाळलं. नोव्हेंबर १९६६ चं एक मानवरहित चाचणी उड्डाण सोडलं, तर मोलचं काहीही वर गेलं नाही. तेव्हा ‘मोलच्या अंतराळवीराने वर नेलेली वस्तू’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिर.

२००५ मध्ये केप कॅनव्हरलच्या जुन्या प्रक्षेपण संकुलातली एक कुलूपबंद खोली उघडली, तेव्हा आत मोलचे दोन निळे सरावपोशाख सापडले. त्यांवर क्रमांक होते, ००७ आणि ००८, आणि एकावर ‘लॉयर’ हे नाव. मोलच्या यादीत रिचर्ड लॉयर नावाचे वैमानिक होते, म्हणून पोशाखाचा धागा जुळला. ते नाव नसतं तर तो पोशाख कुणाचा, हे सांगणं किती अवघड गेलं असतं बघ.

जमीन घेताना आपण माती बघण्याआधी सातबारा आणि फेरफार बघतो ना, तसंच इथे. वस्तू कुणी, कुणाला, कधी दिली? घरातल्या कुणाला ते आठवतं का? एखाद्या जुन्या फोटोत ती त्यांच्या टेबलावर दिसते का? वारसांकडून किंवा मृत्युपत्राची व्यवस्था बघणाऱ्याकडून सहीनिशी पत्र घे आणि त्यात प्रत्येक वस्तूचं वर्णन लिहून घे. मोलचे कापडी बिल्ले आजही नव्याने बनतात. नुसत्या बिल्ल्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फोटोवरची सही छापील किंवा ऑटोपेन यंत्राची असू शकते. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर त्या हाताच्या नाहीत हे ओळख.

दुसरं, विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का? अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा करून मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलोच्या अंतराळवीरांना त्यांच्याकडे राहिलेल्या वस्तूंची मालकी दिली. चांद्रखडक मात्र त्यातून वगळले. मोल त्या कायद्यात बसत नाही, आणि जमिनीवरून कारभार बघणारा अधिकारी तर नाहीच. कंत्राटदार कंपनीने भेट दिलेली यानाची प्रतिकृती, निरोपसमारंभाचं मानपत्र, खासगी पत्रं ही घरची. सरकारी मालमत्तेचा शिक्का किंवा अनुक्रमांक असलेलं उपकरण दिसलं, तर ते सरकारने निकालात काढल्याचा कागद माग. तो नसेल तर हात लावू नकोस.

गोपनीयतेचा शिक्का असलेल्या कागदाबाबत जास्तच सावध राहा. मोलची आठशेहून अधिक कागदपत्रं आणि छायाचित्रं २०१५ मध्ये खुली झाली, म्हणून त्या घरातला प्रत्येक कागद खुला झाला असं नाही. शिक्का रीतसर रद्द केल्याची खूण नसेल, तर मोबाइलने फोटोसुद्धा काढू नकोस. कुटुंबाला हवाई दलाला कळवायला सांग. स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलास, तर विकतचं दुखणं होईल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लिलावात लोक हेल्मेट, मॉडेल, पदक यांवर तुटून पडतील. बैठकांच्या डायऱ्या, दूरध्वनींच्या याद्या, प्रवासाची बिलं, कार्यक्रम रद्द झाल्यानंतर सहकाऱ्यांनी लिहिलेली पत्रं, हे खोकं कोपऱ्यात पडून राहील. अशा अधिकाऱ्याचं काम झालं ते टेबलाशी आणि बैठकांत. त्याचा पुरावा त्या खोक्यातच आहे. बजेट थोडं असेल तर एक मॉडेल कमी घे, पण ते खोकं सोडू नकोस. आमच्याकडे मोडी कागदांचा रुमाल सोडला, तरी आतला क्रम बदलायची मुभा नव्हती, कारण कुठला कागद कुणाशेजारी होता यावरून बिनतारखेच्या चिठ्ठीचीही तारीख लागते. तूही काही हलवण्याआधी कपाटांचे फोटो काढ. निवडक पत्रं काढून सुटी विकलीस तर दोन पैसे जास्त मिळतील, पण उरलेली मुकी होतील.

घरच्यांशी बोलताना घाई करू नकोस. त्यांनी माणूस गमावलाय. एखाद्या कागदाची खरी किंमत तुला कळली आणि त्यांना नाही, तर सांग त्यांना. त्या कागदांना संग्रहालयात जागा मिळेल असं वाटलं, तर तेही सुचव, मग तुझ्या कपाटात ते आले नाहीत तरी चालतील.

निघण्याआधी विचारायच्या प्रश्नांची यादी कर आणि मला पाठव. यात काही राहिलं असेल तर सुचवीन.

तुझी,
आत्या