ब्रह्मगिरीच्या फेरीला निघण्याआधी

पोरांनो, श्रावण लागला की नाशिकमध्ये तिसऱ्या सोमवारच्या, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराला प्रदक्षिणा घालणाऱ्या फेरीची बोलणी सुरू होतात. थोरांनी आम्हाला जे सांगितलं, त्यात आमच्या पायांनी शिकवलेलं घालून तुम्हाला सांगतो. सार एकच आहे: शरीराची तजवीज घरीच करून निघा, म्हणजे वाटेवर मन डोंगरापाशी राहील. पायाला फोड आला की नामस्मरण सुटतं आणि सगळं लक्ष त्या फोडाकडे जातं.

कुठे चाललोय ते ओळखा. ब्रह्मगिरी म्हणजे लाव्हाच्या थरांचा काळा कातळ, उंची सुमारे १२९५ मीटर. याच्या अंगावर उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत कुटुंबासह ही प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळीत थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला नाथपंथी गुरू गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, असं परंपरा सांगते. निवृत्तीनाथांनी तो धाकट्या ज्ञानदेवांना दिला. वारकऱ्यांसाठी हा डोंगर गुरूचं घर आहे. निवृत्तीनाथांची समाधीही त्र्यंबकेश्वरातच आहे, तिथे माथा टेकल्याशिवाय परतू नका.

फेरी आणि चढाई एकाच दिवशी नको. माथ्यावर जायचं तर वेगळा दिवस काढा. काही जागांना वळसा घालणं हीच त्यांची पूजा असते. कैलासाची परिक्रमा करतात, त्याच्यावर कोणी चढत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उलुरू नावाचा तांबडा कातळ आहे. तिथल्या अनंगू लोकांना तो पवित्र. त्यांच्या इच्छेला मान देऊन २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं बंद झालं. आता लोक पायथ्याने फेरी घालतात.

अंतर आधी ठरवा. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, शेजारच्या हरिहर गडालाही वळसा घालणारी मोठी फेरी साधारण ४० किलोमीटरची. पहिल्यांदा जाणाऱ्याने लहानच करावी. महिनाभर आधीपासून रोज चाला. त्र्यंबकेश्वरातल्या कुशावर्त कुंडावर स्नान करून निघतात. डोंगर सतत उजव्या हाताला राहिला पाहिजे. वाटेबद्दल शंका आली तर हीच खूण, आणि धुक्यात डोंगर दिसेनासा झाला तर गावकऱ्यांना विचारा.

पाय सांभाळा. नवे बूट नकोत. वापरून पायाला बसलेले, तळाला खाचा असलेले बूट घ्या. ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे गुळगुळीत तळ हमखास घसरतो. बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. अनवाणी चालायचा नेम असेल तर आधी सवय करा. एका रात्रीत तळवे तयार होत नाहीत.

पोट हलकं ठेवा. सोमवारचा उपास असतो म्हणून साबुदाण्याची खिचडी भरपेट खाऊन निघू नका, चालताना जड जाते. खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की थोडी थोडी खा. पावसात तहान कळत नाही, तरी दर तासाला मीठ-साखरेचं पाणी प्या. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासावर फेरी करू नये. उपास सोडला म्हणून देव रागावत नाही.

पावसाशी हुज्जत घालू नका. त्र्यंबकचा पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, त्यामुळे रेनकोट आणि चिखलात आधाराला काठी घ्या. रात्री निघणार असाल तर प्रत्येकाकडे बॅटरी हवी. ओढा गढूळ होऊन फुगला असेल तर काठावर थांबा. डोंगरातला लोंढा जसा अचानक येतो तसा उतरतोही. पुढचे गेले म्हणून आपण पाण्यात उतरायचं नाही.

गर्दीत हात सोडू नका. लाखोंची गर्दी असते आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते निघतानाच ठरवा. लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शांतता हवी असेल तर तिसरा सोमवार सोडून श्रावणातला दुसरा कोणताही दिवस निवडा, पुण्य कमी होत नाही.

तोंडाने नाम, कानाने डोंगर. स्पीकर घरी ठेवा. वाटेतले काही तास बोलणं बंद करून चाला. पाणी, वारा, पुढच्याची पावलं ऐकू येऊ लागली की मन आपोआप थाऱ्यावर येतं. लोक ज्याला या जागेची शक्ती म्हणतात, ती मला तरी अशा अबोल चालण्यातच भेटली.

डोंगराचं देणं फेडा. चहाचे कप, वेष्टनं, बाटल्या परत आणा. वाट भाताच्या शेतांजवळून जाते, बांध तुडवू नका. २०२१ मध्ये पायथ्याशी डोंगर पोखरला जात असल्याविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठवला होता. पुन्हा तशी वेळ आली तर तुम्हीही उभे राहा. ज्याला प्रदक्षिणा घालतो त्याची राखण करणं हाही फेरीचाच भाग आहे.