धुक्याचे पाणी

पॅसिफिक महासागरात हवाई बेटांचा समूह आहे. चहूंकडे अथांग पाणी. पण ते सारे खारे. पिण्याच्या पाण्यासाठी आणि शेतीसाठी तेथील लोकांना आकाशाकडेच डोळे लावावे लागतात. आणि आकाशाचे दान सर्वांच्या पदरी सारखे पडत नाही.

या समूहातील काउआई बेटाचेच उदाहरण घ्या. त्याच्या मध्यभागी वाइआलेआले नावाचा पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी सुमारे ११,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जगातील अतिशय पावसाळी स्थळांत त्याची गणना होते. तेथून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, त्याच बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, वर्षभरात जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एकीकडे कोसळणारे धबधबे, तर दुसरीकडे वाळलेले गवत!

असे का व्हावे? या बेटांवर वर्षातील बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून येताना ते बाष्प घेऊन येतात. वाटेत पर्वत आडवा आला, की वाऱ्यांना वर चढावे लागते. वर गेलेली हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि पर्वताच्या वाऱ्याकडील उतारावर पाऊस पडतो. पलीकडे उतरणारी हवा कोरडी झालेली असते. तो भाग पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरी मुसळधार कोसळणारा पाऊस माणदेशापर्यंत पोचता पोचता रिता होतो, त्याचेही कारण हेच होय.

या कोरड्या बाजूची तहान मुख्यतः हिवाळ्यातील वादळे भागवितात. ज्या वर्षी एल निनोचा प्रभाव असतो, त्या वर्षी हिवाळ्यातील पाऊस बहुधा कमी होतो. मग पुढचा हिवाळा येईपर्यंत अवर्षण रेंगाळत राहते.

मावी या मोठ्या बेटाच्या पर्जन्यछायेत लानाई नावाचे एक छोटे बेट आहे. तेथे मेंढ्या व बकऱ्या मोकाट चरत असल्यामुळे डोंगर उघडे पडले होते. १९११ साली जॉर्ज मन्रो नावाचे गृहस्थ तेथील कुरणांचे व्यवस्थापक म्हणून आले. ते मूळचे न्यूझीलंडचे. पक्षी आणि वनस्पती यांच्या निरीक्षणाचा त्यांना नाद होता. त्यांच्या घराजवळ नॉरफॉक बेटावरून आणलेल्या जातीचा एक उंच सूचिपर्णी वृक्ष उभा होता. धुके दाटले, की त्या वृक्षावरून घराच्या छपरावर टप् टप् थेंब पडत. पाऊस नसताना हे पाणी आले कोठून? दुसऱ्या कोणी तो आवाज ऐकून सोडून दिला असता. मन्रोंनी त्याचा विचार केला. धुक्यातील सूक्ष्म जलकण वृक्षाच्या बारीक पानांवर अडकत होते आणि थेंब होऊन खाली गळत होते.

मन्रोंनी डोंगरमाथ्यावर अशा वृक्षांची लागवड करविली, मोकाट जनावरे कमी केली आणि उरलेल्या रानाला कुंपण घातले. वृक्षांनी गाळलेले धुके मातीत मुरू लागले. हवाईची मूळची झाडे, नेचे आणि शेवाळही हेच काम करतात. म्हणून आज तेथे ही मूळची वने राखण्याकडे विशेष लक्ष दिले जाते.

ही वने राखणे का अगत्याचे आहे, हे अवर्षणाच्या दिवसांत कळते. मावी बेटाच्या कोरड्या किनाऱ्यावर लाहाइना नावाचे जुने नगर होते. भोवतालचे उसाचे मळे बंद पडल्यावर त्या जमिनीवर परदेशी गवत माजले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, ते वाळलेले असताना, सोसाट्याच्या वाऱ्यात वणवा पेटला. पाहता पाहता नगराची राखरांगोळी झाली आणि सुमारे शंभर माणसे प्राणांस मुकली. अवर्षणाने केवळ घागरच रिकामी होते असे नाही. घरेदारेही संकटात सापडतात.

हवाईच्या भाषेत गोड्या पाण्याला ‘वाइ’ म्हणतात आणि संपत्तीला ‘वाइवाइ’. ज्यांच्या भोवती समुद्र पसरला आहे, त्यांनी संपत्तीला पाण्याचेच नाव द्यावे, यात मोठा अर्थ आहे. पाऊस कोठे पडावा हे माणसाच्या हाती नाही. पण पडलेला थेंब आणि आलेले धुके जपून ठेवणे त्याच्या हाती खचित आहे.

स्वाध्याय
१. काउआई बेटाच्या दोन बाजूंना पाऊस सारखा का पडत नाही?
२. छपरावरील थेंबांवरून मन्रोंनी कोणता बोध घेतला?
३. ‘आकाशाकडे डोळे लावणे’, ‘राखरांगोळी होणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या गावी पावसाचे पाणी कोठे मुरते व कोठे वाहून जाते, ते पाहून दहा ओळी लिहा.