वडिलार्जित पडीक जमीन पुन्हां लागवडीस आणणें : अमेरिकेंतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा अनुभव

पडीक जमिनीचा विचार करूं लागलों म्हणजे नांगर, खत आणि पाणी ह्या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या ज्या वडिलार्जित जमिनी झाडाझुडपांनीं व्यापून गेल्या आहेत, त्यांच्याकडे पाहिलें असतां त्या ओस पडण्याचें कारण मातीपेक्षां कागदांत अधिक सांपडतें. ह्या जमिनी पुन्हां कसण्याचा, आणि नुसत्या कसण्याचा नव्हे तर त्यांवर आपल्या समाजांतील मुलांस व प्रौढांस शेतकीचें शिक्षण देण्याचा उद्योग तेथें अनेक ठिकाणीं चालूं आहे. सामाईक खात्याची जमीन आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असते. तेव्हां तो उद्योग कोणत्या क्रमानें करावा लागतो, हें आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे.

तेथील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. त्याच वर्षाच्या जानेवारींत जनरल शर्मन ह्यांनीं दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लॉरिडा ह्यांच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांस प्रत्येकीं चाळीस एकरांपर्यंत वांटून देण्याचा हुकूम काढला. अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं वर्ष संपण्यापूर्वींच तो फिरविला, आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. पुढें जी जमीन ह्या लोकांच्या नांवावर चढली, तिचा फार मोठा भाग मजुरीच्या व वाटेकरीच्या तुटपुंज्या मिळकतींतून शिल्लक टाकून एकेक तुकड्यानें विकत घेतलेला होय. जॉर्जियांत ब्रन्झविक गांवाजवळ ज्यूपिटर गिलियर्ड नांवाच्या गृहस्थानें १८७४ सालीं असेंच एक शेत उभें केलें. त्याच्या सहाव्या पिढींतील मॅथ्यू रेफर्ड, जे पाककलेंत नांवाजलेले आहेत, ते २०१० नंतर त्या शेतावर परतले व त्यांनीं तेथें पुन्हां लागवड सुरू केली.

अशी कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन १९१० च्या सुमारास दीड कोटी एकरांच्या आसपास होती. १९२० च्या गणनेंत ९,२५,७०८ कृष्णवर्णीय शेतकरी मोजले गेले, म्हणजे त्या देशांतील दर सात शेतकऱ्यांत एक. त्यांत मालक चौथाईच होते. बाकीचे खंडकरी व वाटेकरी. २०२२ च्या शेतकी गणनेंत हीच संख्या सुमारें ४६,७०० वर आली, व त्यांच्या वहिवाटीची जमीन सुमारें ५३ लाख एकर भरली. मोजणीची रीत मध्यंतरीं बदलल्यामुळें हे आंकडे एकमेकांशीं तंतोतंत ताडून पाहतां येत नाहींत. तथापि ओहोटी केवढी मोठी, हें त्यांवरून कळतें. कपाशीच्या बोंडांवरील सोंडकिडा, दहशत व मारहाण, उत्तरेकडील कारखान्यांची ओढ, आणि सरकारी कर्ज देतांना झालेला पक्षपात हीं त्याचीं कारणें होत. ह्या शेवटच्या कारणाबद्दलचा पिगफर्ड दावा १९९९ सालीं तडजोडीनें मिटला, व त्याअन्वयें शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम शेतकऱ्यांच्या पदरांत पडली. मात्र पैसे मिळाले म्हणून गेलेली जमीन परत आली असें नव्हे.

आणखी एक कारण असें आहे कीं तें घरांतच उत्पन्न होतें. पहिल्या पिढीच्या पुष्कळ लोकांनीं मृत्युपत्र केलें नाहीं. कोर्टकचेरीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तसा तो नसण्यास कारणहि भरपूर होतें. मृत्युपत्र नसलें म्हणजे जमीन सर्व वारसांची सामाईक होते. समजा, एकाचें ८० एकरांचें शेत आहे, त्यास सहा मुलें, त्या प्रत्येकास पांच, आणि त्या प्रत्येकास चार. म्हणजे पणतूंच्या पिढींत १२० हिस्सेदार झाले. एकेकाचा हिस्सा हिशेबानें २६-२७ गुंठे. परंतु तो कोणता, हें मात्र कोणासहि दाखवितां येत नाहीं, कारण प्रत्येकाचा हक्क सबंध शेताच्या कणाकणावर आहे. शेतावर राहून सारा भरणारा एक, आणि शिकागो किंवा डेट्रॉइट येथें जन्म काढलेले शंभर, सर्वांचा हक्क सारखाच. अशा जमिनीवर कर्ज मिळत नाहीं, वादळानंतरची सरकारी मदत मिळण्यास अडचण पडते, आणि उभें लाकूडहि विकतां येत नाहीं, कारण घेणारा सर्वांच्या सह्या मागतो.

ह्याहून वाईट गोष्ट पुढें होते. कोणी परका मनुष्य दूर राहणाऱ्या एखाद्या वारसास गांठून त्याचा लहानसा हिस्सा थोडक्या पैशांत विकत घेतो, आणि सहहिस्सेदार ह्या नात्यानें कोर्टांत वाटणी मागतो. शंभर तुकडे पाडणें अशक्य म्हणून कोर्ट सबंध शेताचा लिलाव पुकारतें, व रोख रक्कम तयार ठेवून बसलेला तोच मनुष्य तें घेऊन जातो. असे लिलाव विसाव्या शतकांत अतोनात झाले. त्यांस आळा घालण्यासाठीं २०१० सालीं एक नमुन्याचा कायदा तयार करण्यांत आला, व वीसाहून अधिक राज्यांनीं तो स्वीकारला. जॉर्जियानें तो २०१२ सालीं केला. दक्षिण कॅरोलायनानें २०१६ सालीं केला व त्यास चार्ल्स्टन येथील चर्चमध्यें आदल्या वर्षीं मारले गेलेले सिनेटर क्लेमेंटा पिंकनी ह्यांचें नांव दिलें. ह्या कायद्यानें लिलावापूर्वीं जमिनीची निःपक्षपाती किंमत ठरवावी लागते, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा त्या किंमतीनें घेण्याची संधि बाकीच्या हिस्सेदारांस प्रथम द्यावी लागते, आणि विक्री करावयाचीच झाली तर ती घाईच्या लिलावानें न करतां खुल्या बाजारांत करावी लागते. वाचकांस नवल वाटेल कीं आपल्या इकडील १८९३ च्या वाटणीच्या कायद्यांत ह्यापैकीं मुख्य तरतूद पूर्वींच आहे : निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांनीं मागितल्याशिवाय त्या कायद्यान्वयें कोर्ट विक्री करवीत नाहीं, आणि तशी मागणी झाली तर इतर हिस्सेदारांस ठरविलेल्या किंमतीनें तो हिस्सा घेतां येतो.

म्हणून जमीन पुन्हां उभी करूं पाहणाऱ्या कुटुंबानें पहिलें वर्ष कागदांवर घालवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मूळ खरेदीखत शोधावें. वंशावळ पुरी करावी. मृत्युदाखले व सारा भरल्याच्या पावत्या एकत्र कराव्या. दूरच्या नातलगांस पत्रें घालून ज्यांस जमीन नको असेल त्यांच्याकडून हक्कसोडपत्रें घ्यावीं. आणि मोजणी करून हद्दीचीं निशाणें घालावीं. ह्या कामीं वकील लागतो व पैसाहि लागतो. चार्ल्स्टन येथें २००५ पासून एक संस्था केवळ सामाईक वारसांच्या जमिनींचेंच काम करते, व मृत्युपत्रें करून देण्याचे मेळावे भरविते. २०१८ च्या शेतकी कायद्यानें, खातें स्वच्छ नसलें तरी कांहीं पर्यायी कागद दाखवून सरकारी शेत-क्रमांक मिळण्याची सोय झाली, आणि खातें स्वच्छ करण्यासाठीं कर्ज देण्याचीहि योजना ठरली. शेत-क्रमांकाशिवाय तेथें पुष्कळ सरकारी शेतकी योजनांचा लाभ मिळत नाहीं.

आतां मातीकडे वळूं. तीसचाळीस वर्षें पडून राहिलेल्या शेतांत तेथें पाईन व इतर रानझाडें माजलेलीं असतात. तीं सरसकट तोडणें ही पहिली मोठी चूक होय. लाकडाची मोजदाद जाणत्या वनाधिकाऱ्याकडून करवून, बंद पाकिटांतून भाव मागवून, विरळणीपुरतींच झाडें विकावीं. म्हणजे कुंपणाचा व साऱ्याचा खर्च निघतो, आणि उरलेल्या झाडांखालीं गवत करून शेळ्या किंवा गुरें ठेवतां येतात. माजलेल्या झुडपांस शेळीसारखा स्वस्त मजूर नाहीं.

त्या भागांतील माती बहुतेक तांबडी, आम्ल, व कपाशीनें पिढ्यान्‌पिढ्या शोषलेली. आपल्या कोंकणांतील जांभ्या जमिनीची जात तिच्याशीं जवळची आहे. माती तपासून घेतल्याखेरीज चुना घालूं नये. तो किती घालावा हें तपासणीच सांगते, आणि तो पेरणीपूर्वीं कांहीं महिने मातींत मिसळलेला असावा. नंतर एक उन्हाळी हंगाम हिरवळीच्या खतास द्यावा. येथें आपल्या ओळखीचें एक पीक भेटतें, तें म्हणजे ताग. साठ ते नव्वद दिवसांत तो एकरीं शंभर पौंडांहून अधिक नत्र मातीस मिळवून देतो, व मुळांवर गांठी आणणाऱ्या सूक्ष्म कृमींस दबवितो. अडचण इतकीच कीं उष्ण प्रदेशांतील ताग तेथें थंडी पडण्यापूर्वीं बीं धरीत नसे, त्यामुळें बियाणें दरवर्षीं बाहेरून आणावें लागे. अलाबामांतील ऑबर्न विद्यापीठानें तेथेंच बीं धरणाऱ्या जाती काढून ही अडचण बरीच दूर केली. देंठ कठीण होण्यापूर्वीं तो गाडला पाहिजे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

दुसरें पीक चवळीचें. टस्कीगी येथील शाळेंत १८९६ सालीं आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ह्यांनीं चवळी, रताळीं व भुईमूग हीं पिकें कपाशीच्या फेरपालटींत घालून झिजलेली जमीन कशी सुधारते, हें दाखवून दिलें. चवळी मूळची आफ्रिकेचीच. जॉर्जियाच्या किनाऱ्यासमोरील सॅपेलो बेटावर कॉर्नेलिया वॉकर बेली ह्या विदुषींनीं, ज्या २०१७ सालीं वारल्या, आपल्या अखेरच्या वर्षांत तेथील जुन्या तांबड्या चवळीची लागवड पुन्हां सुरू करविली. २०१२ सालीं त्या बेटावरील घरजमिनींवरचा कर एकाएकीं अनेक पटींनीं वाढला होता. चवळी विकून तो भरतां यावा व तरुणांस बेटावरच काम मिळावें, हा त्यांचा हेतु. आम्हांस हें उदाहरण फार मोलाचें वाटतें. पूर्वजांचें बियाणें जपणें हें चांगलेंच, पण त्या बियाण्यानें जमिनीचा सारा निघाला पाहिजे हा हिशेब ज्यांनीं सोडला त्यांचीं शेतें टिकलीं नाहींत.

जमीन एका कुटुंबाची, आणि उपयोग सबंध समाजाचा. मग मालकी कोणाची? ह्या प्रश्नाचें एक उत्तर जॉर्जियांत १९६९ सालीं 'न्यू कम्युनिटीज' ह्या संस्थेनें दिलें. चार्ल्स व शर्ली शेरॉड आणि त्यांच्या सोबत्यांनीं ली परगण्यांत सुमारें ५,७०० एकर जमीन घेऊन ती विश्वस्तनिधींत ठेवली, म्हणजे कसणाऱ्यास वहिवाट मिळावी पण विक्रीचा अधिकार कोणा एकट्यास असूं नये. ह्या कल्पनेच्या मुळाशीं ज्या गोष्टी होत्या त्यांत, पेण तालुक्यांतील गागोदें येथें जन्मलेले विनोबा भावे ह्यांची ग्रामदानाची चळवळ ही एक होती. अवर्षणाच्या काळीं सरकारी कर्ज वेळेवर न मिळाल्यामुळें १९८५ सालीं ती जमीन जप्त झाली. पिगफर्ड दाव्याअन्वयें २००९ सालीं संस्थेस सुमारें एक कोटी वीस लाख डॉलर मिळाले, आणि २०११ सालीं तिनें ऑल्बनी शहराजवळ, पूर्वीं गुलामांच्या श्रमावर चाललेली १,६३८ एकरांची एक इस्टेट विकत घेतली. तेथें आज पिकॅन, म्हणजे अक्रोडाच्या कुळांतील एक फळझाड, ह्याच्या बागा आहेत व शेतकरी शिक्षणाचें काम चालतें. लहान कुटुंबास एवढा व्याप नको. घरच्या घरीं विश्वस्तपत्र किंवा कंपनी करून, कोणाचा हिस्सा विकावयाचा झाल्यास तो प्रथम घरांतच द्यावा, असें कलम घातलें तरी पुरें होतें.

शिक्षणाविषयीं टस्कीगीचाच पाठ घ्यावा. १९०६ सालीं तेथून एक गाडी निघाली. तिच्यावर नांगर, बियाणें, लोणी काढण्याचें यंत्र असें सामान असे. टॉमस कॅम्बेल ती घेऊन खेड्याखेड्यांत जात, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर उभें राहून त्यास नांगरट दाखवीत. अलाबामांतील एप्स गांवीं दक्षिणेकडील सहकारी संस्थांच्या संघाचें, जो १९६७ सालीं स्थापन झाला, शिक्षणकेंद्र आहे. तेथें पीक, कर्ज, सहकार व जमिनीचे कायदे हे विषय एकत्र शिकविले जातात. नव्यानें उघडलेल्या शेतावर एवढें सारें एकदम करूं नये. पहिल्या वर्षीं अर्ध्या एकराचा एक तुकडा निराळा काढावा, एका बाजूस चुना व ताग घातलेली पट्टी आणि लगतच कांहींच न घातलेली पट्टी ठेवावी, दोन्हींत एकाच दिवशीं चवळी पेरावी, आणि मुलांकडून दोहोंचें वजन करवून वहींत लिहवून घ्यावें. त्याच वहीच्या मागील पानांवर घराण्याची वंशावळ व मूळ खरेदीखताचा उतारा असावा.