मालमोटारींत दुतर्फा रेडिओ बसविण्याची रीत

शेतांत पिकलेला माल वेळेवर हालला नाहीं, तर तो पिकविण्याचे श्रम अर्धेमुर्धे वायां जातात, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत गाळपास गेला नाहीं, तर त्याचें वजन घटतें व साखरेचा उतारा खालावतो. दूध व द्राक्षें यांची गोष्ट तर याहूनहि नाजूक. ज्या संस्थांच्या किंवा बागाईतदारांच्या स्वतःच्या मालमोटारी आहेत, त्यांनीं त्या गाड्यांवर दुतर्फा रेडिओ बसवावेत काय, आणि बसविल्यास ते कसे बसवावेत, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोबाइल प्रत्येकाच्या खिशांत असतां हा खटाटोप कशाला, अशी शंका प्रथमच येईल. शंका रास्त आहे. एकच गाडी असेल व तिचा रस्ता गांवागांवांतून जात असेल, तर मोबाइल पुरे. रेडिओवर पैसा घालूं नये. परंतु दोन प्रसंगीं मोबाइल अपुरा पडतो. पहिला असा कीं, घाटांत व खोल खोऱ्यांत त्याची रेंज जाते, आणि गाडी पुष्कळदां नेमकी तेथेंच अडते. दुसरा असा कीं, मोबाइलवर एका वेळीं एकाशींच बोलणें होतें. रेडिओवर एकदां उच्चारलेला शब्द दहाहि गाड्यांस एकदम ऐकूं जातो. “कांट्यावर रांग लागली आहे, मागच्यांनीं तोड थांबवावी,” एवढें एक वाक्य वेळेवर सर्वांस पोंचलें, तर किती गाड्यांचा ऊंस उन्हांत वाळण्याचें वांचेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

हें साधन नवें नव्हे. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनीं १९२८ सालीं गस्तीच्या मोटारींत रेडिओ चालू केले. पण त्या गाड्यांना नुसतें ऐकतां येई, उत्तर देतां येत नसे. गाडींतूनहि बोलतां येईल अशी दुतर्फा सोय न्यू जर्सी राज्यांतील बेयॉन येथील पोलिसांनीं १९३३ सालीं केली. ऑस्ट्रेलियांत आल्फ्रेड ट्रेगर या गृहस्थानें पायडल मारून वीज उत्पन्न करणारा संच तयार केला, व १९२९ पासून तो दूरदूरच्या एकाकी पशुपालकांच्या घरीं जाऊं लागला. आज त्याच देशांतील शेतकरी कापणीच्या हंगामांत ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ८० चॅनेलांवर, ५ वॉटच्या यंत्रांनीं, ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्यांत बोलणें चालवितात. ही मोकळीक मात्र त्या देशापुरती आहे. तेथलीं यंत्रें येथें आणून चालवूं गेल्यास कायद्याचा भंग होईल. म्हणून यंत्राआधीं परवान्याचा विचार केला पाहिजे.

१. परवाना

आपल्या देशांत १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र नुसतें बाळगण्यासहि परवाना आवश्यक ठरविला. २०२३ सालीं संसदेनें नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. तो टप्प्याटप्प्यानें जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठीं आहे. परवान्याचें तत्त्व त्यांतहि सुटलेलें नाहीं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यांतील अल्प शक्तीचीं हातयंत्रें परवान्यावांचून वापरतां येतात. तीं शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलण्यापुरतीं ठीक आहेत. गाडीवर पक्का बसविलेला २५ वॉटचा संच घ्यावयाचा, तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून लहरी नेमून घेऊन परवाना काढलाच पाहिजे. हौशी लोकांस मिळणारा रेडिओचा परवाना धंद्याच्या निरोपांसाठीं चालत नाहीं. विक्रेता “कोण विचारतो?” असें म्हणेल; पण दंड विक्रेता भरणार नाहीं, संस्था भरील. शिवाय परक्या लहरीवर बोलल्यानें पोलिसांच्या किंवा विमानांच्या बोलण्यांत व्यत्यय आल्यास त्यांतून जीवितहानीहि संभवते.

तेव्हां आमची योजना अशी: कचेरीशीं बोलण्यासाठीं गाडींत परवान्याचा एक पक्का संच, आणि तोडणी व भरणी करणाऱ्या टोळीसाठीं दोन हातयंत्रें. पक्का संच व हातयंत्रांचे चार्जर हीं सर्व एकाच पेटींत बसवावींत. या पेटीस बाजारांत कन्सोल म्हणतात.

२. वीज

रेडिओ नीट न चालण्याचीं कारणें बहुधा संचांत नसून जोडणींत असतात, हें या लेखांतील मुख्य सांगणें होय. लहान गाड्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. जड मालमोटारींत तशा दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. गाडींत बसविण्याचे बहुतेक संच १३.६ व्होल्टांच्या सुमारास चालण्यासाठीं केलेले असतात. त्यांस २४ व्होल्ट थेट दिले तर ते जळतात. “दोहोंपैकीं एका बॅटरीवरून तार काढा, म्हणजे झालें,” असा सल्ला गॅरेजांत हमखास मिळतो; तो मानूं नये. तसें केल्यानें एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरींत जादा वीज भरली जाते, आणि थोड्याच महिन्यांत दोन्ही निकामी होतात. जोडींतील एकाच बैलाच्या मानेवर सारा भार टाकण्यासारखेंच तें आहे. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच घ्यावा.

आतां तारेचा हिशेब पाहूं. गाडी १२ व्होल्टची असून बॅटरीपासून पेटीपर्यंत अंतर ५ मीटर आहे असें धरूं. जाण्याची व येण्याची मिळून तार १० मीटर झाली. २५ वॉटचा संच बोलतांना ६ ते ८ अँपिअर ओढतो. सोयीसाठीं १० धरूं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंत या अंतरावर सुमारें १.७ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. १३.६ पैकीं संचाच्या वाट्यास १२ देखील येत नाहींत. इंजिन बंद असलें तर याहूनहि कमी. मग ऐकूं तर येतें, पण बोलणें तुटकें जातें, आणि दोष संचाच्या माथीं मारला जातो. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट अवघी ०.४ व्होल्ट होते. पाटाची रुंदी कमी ठेवून शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नाहीं म्हणून मोटेस दोष देणें जसें, तसेंच हें.

फ्यूज रेडिओच्या रक्षणासाठीं असतो, असा सार्वत्रिक समज आहे. मुख्यतः तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. मालमोटारीची बॅटरी क्षणांत शेंकडों अँपिअर सोडूं शकते. तारेचें आवरण लोखंडाशीं घांसून फाटलें व तांबें चासीला टेंकलें, तर तार लाल होते आणि केबिन पेट घेतें. फ्यूज संचाजवळ असेल, तर अलीकडच्या साऱ्या तारेस कसलेंच रक्षण उरत नाहीं. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आंत बसवावा. वरील हिशेबांत तो १५ अँपिअरचा असावा. जळलेल्या फ्यूजच्या जागीं तारेचा तुकडा गुंडाळणारा मनुष्य स्वतःच्या गाडीस काडी लावीत असतो.

केबिनच्या पत्र्यांतून तार नेतांना भोंकास रबरी कडें घालावें. सबंध तार कंगोऱ्याच्या नळींतून न्यावी. धक्क्यांपासून व उंदरांपासून तिचें रक्षण होतें. उंसाच्या फडांत उभ्या राहणाऱ्या गाडींत उंदीर शिरतात, हें लक्षांत ठेवावें. टोंकांस तांब्याचीं लग्ज दाबयंत्रानें दाबून बसवावींत. नुसती पीळ घातलेली तार खडखडाटानें सैल होते. सैल जोड तापतो, व तापलेला जोड अधिकच सैल होतो. चासीस जोड द्यावयाचा तेथील रंग खरवडून धातु उघडा करावा, जोड आंवळून झाल्यावर वरून ग्रीस लावावें. हें काम चालू असतां बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी.

३. एरियल

एरियलची लांबी लहरीवर ठरते. ३०० या अंकास मेगाहर्ट्झनें भागिलें कीं लहरीची लांबी मीटरांत येते. तिचा चौथा हिस्सा ही साध्या एरियलची लांबी. १५० मेगाहर्ट्झला लहर २ मीटर, म्हणून एरियल सुमारें अर्धा मीटर. तिची उत्तम जागा म्हणजे केबिनच्या लोखंडी छताचा मध्य. भोंवतालचा पत्रा हा एरियलचाच दुसरा अर्धा भाग होय. छत लांकडी किंवा फायबरचें असल्यास एरियलखालीं धातूचा पत्रा बसवावा लागतो. आरशाच्या दांड्यावर बसविलेली एरियल सोयीची खरी. पण तिचा आवाज एका दिशेस चांगला व दुसऱ्या दिशेस क्षीण जातो. एरियलची केबल कोठेंहि चेपूं देऊं नये, आणि छतावरील जोडांत पाणी शिरूं देऊं नये.

एरियल जोडल्यावर मीटर लावून परत फिरणारी शक्ति मोजावी. या मीटरचा आंकडा १.५ असला तर शंभरांतील ४ भाग परत येतात, २ असला तर ११, आणि ३ असला तर २५. दीडाच्या आंत समाधान मानावें. तीनच्या पुढें संचास धोका. एरियल न जोडतां बोलण्याची कळ कधींच दाबूं नये.

किती दूर ऐकूं जाईल? या लहरी बहुतांशीं सरळ जातात. डोंगर आड आला कीं अडतात. सपाट मुलखांत, एरियलच्या मीटरांतील उंचीचें वर्गमूळ काढून त्यास ४.१ नें गुणावें. तितके किलोमीटर त्या एरियलचें क्षितिज. गाडीवरील ३ मीटर उंचीस ७ किलोमीटर. कचेरीवर ९ मीटरांचा खांब असेल तर १२, मिळून १९. तोच खांब २५ मीटरांचा केला तर २० व ७ मिळून २७. यावरून दिसेल कीं, अधिक वॉटचा महाग संच घेण्यापेक्षां खांब उंच करण्यांत पैसा अधिक फळतो. उंच खांबास वीजरोधक जोडणी मात्र विसरूं नये.

४. पेटी

पेटी करण्यापूर्वीं ड्रायव्हरास त्याच्या जागीं बसवावें. गिअरचा दांडा सर्व स्थितींत फिरवून, हातब्रेक ओढून, दोन्ही दारें उघडून पाहावें. मग जाड पुठ्ठ्याचा नमुना करून तो आठ दिवस गाडींत ठेवावा. कोठें गुडघा लागतो, कोठें हात अडखळतो, हें पुठ्ठा सांगेल. पुठ्ठा कापणें स्वस्त, पत्रा कापणें महाग. गाडीस एअरबॅग असल्यास ती फुगण्याच्या वाटेंत कांहींहि बसवूं नये.

पेटी १२ मिलिमीटर प्लायवुडची किंवा २ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करावी. संचाची मागची बाजू बोलतांना तापते. तेथें चार बोटें मोकळी जागा व हवेस वाट ठेवावी. धूळ वरून पडते, म्हणून हवेचीं भोंकें वर न ठेवतां बाजूस ठेवावींत. पेटीखालीं रबराचे तुकडे, प्रत्येक बोल्टास स्प्रिंग वॉशर. आंत प्रत्येक यंत्रास वेगळा फ्यूज, व प्रत्येक फ्यूजवर मराठींत नांव. एक मुख्य कळ व व्होल्ट दाखविणारा लहान मीटर समोर असावा. ऐकत असलेला संच अर्धा अँपिअर ओढतो असें धरलें, तरी पांच दिवस उभ्या गाडींत ६० अँपिअर-तास संपतात, आणि सहाव्या दिवशीं इंजिन सुरू होत नाहीं. मुख्य कळ यासाठींच. चासीस भोंक पाडणें किंवा वेल्डिंग करणें टाळावें; आसनाचे व फरशीचे असलेले बोल्ट वापरावेत. अपघातांत सुटी झालेली पेटी दगडासारखी अंगावर येते, म्हणून ती दोन्ही हातांनीं हिसडून पाहून हलली नाहीं तरच काम पुरें समजावें.

५. बोलण्याची शिस्त

हातांत धरावयाचें बोलण्याचें साधन वाहन चालवितांना वापरणें हा मोटार वाहन कायद्यानें गुन्हा आहे. कायदा नसता तरी आमचें सांगणें हेंच असतें. भरलेल्या मालमोटारीचा ड्रायव्हर घाटांत एका हातानें चाक व दुसऱ्या हातानें माईक धरूं लागला, तर ज्या माणसाच्या सुरक्षिततेसाठीं रेडिओ घेतला त्याचाच घात व्हावयाचा. बोलण्याचें काम क्लीनरानें करावें, व माईकचा आंकडा त्याच्याच हाताजवळ असावा. क्लीनर नसेल तर गाडी कडेला घेऊन मग बोलावें. प्रथम ज्यास हांक मारावयाची त्याच्या गाडीचा क्रमांक, नंतर आपला. कळ दाबून क्षणभर थांबावें, मग थोडक्यांत बोलावें. एक बोलत असतां सारे मुके असतात, म्हणून गप्पांस येथें थारा नाहीं.

हंगामाच्या तोंडावर एका गाडीवर हें काम प्रथम करून पाहावें. तिचे जोड महिन्यानें पुन्हां आंवळावे, तार हातानें चांचपून कोठें तापते काय तें पाहावें, आणि नेहमींच्या रस्त्यावर आवाज कोठें कोठें तुटतो त्या जागा नकाशावर टिपून घ्याव्या. त्या एका गाडीचा अनुभव हातीं आल्यावरच बाकीच्यांचा खर्च सभेपुढें मांडावा. अंदाजपत्रकांत तार, फ्यूज, एरियल व खांब यांच्या रकमा वेगळ्या दाखवाव्या. काटकसर करण्याची वेळ आली, तर ती संचाच्या किंमतींत करावी, या चार गोष्टींत करूं नये.