जाहिरातीला आवाज देताना

कापडाच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो : माल ओरडून विकला जात नाही, ठाण नीट उलगडून दाखवावे लागते. जाहिरातीच्या आवाजाचेही तेच आहे. 1967 साली विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर व्यापारी प्रसारण सुरू झाले. आज मोबाइलवरच्या जाहिरातींनाही आवाज लागतो. आपल्या कारागीर घरांतील मुलांचे गळे चांगले आहेत, पण आवाज-चाचणीत ती मागे पडतात. का?

आमचाच अनुभव सांगतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. दुकानाची मराठी जाहिरात आम्हीच वाचू, असा हट्ट धरला. 'काळी पैठणी'ची 'काली पैठनी' झाली! शेवटी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. उर्दूत 'ळ' आणि 'ण' ही अक्षरेच नाहीत. जिभेला ती मुद्दाम शिकवावी लागतात. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा, हेही कानाने ओळखावे. मात्र उर्दूने दिलेले स्वच्छ 'ख़' आणि 'ज़' हिंदी जाहिरातीत आपले भांडवल ठरतात.

आता तयारी. मजकूर हातात येताच तो कोणासाठी आहे ते ठरवावे. गृहिणीला साडी दाखवताना आपण भाषण देत नाही. तसेच एकाच माणसाशी बोलावे. 1952 पासून रेडिओ सिलोनवर 'गीतमाला' सादर करणारे अमीन सयानी (निधन 2024) सोप्या बोलीत, घरच्यासारखे बोलत, म्हणून घराघरांत पोहोचले.

श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण करावी. वीस सेकंदांत साधारण चाळीस शब्द नीट बसतात. घड्याळ लावून सराव करावा. मायक्रोफोनपासून तोंड वीतभर दूर व किंचित तिरके ठेवावे, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. दम संपतो आणि दुकानाचे नाव व पत्ता पुटपुटल्यासारखे निघतात. व्यापारी पैसे त्याच शब्दांसाठी मोजतो! तिथे दम राखून ठेवावा.

परीक्षकाने 'पुन्हा वाचा' म्हटले तर घाबरू नये. सांगितलेला बदल तुम्ही करू शकता का, हेच तो पाहत असतो. रोज दहा मिनिटे मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, ध्वनिमुद्रित करून स्वतःच ऐकावे. आपला दोष आपल्याच कानाने पकडला की निम्मे काम झाले.