दाखल्यावरची दोन वर्षं

आरे कॉलनी,
10 ऑगस्ट 2025

चि. छोट्या,


काल सकाळी दुधाच्या सेंटरवर एकाने हटकलं, "काय मामा, भाच्याचा नवा जन्मदाखला निघतोय म्हणे?" मी हसून वेळ मारून नेली. घरी आलो, पण घास उतरेना.

खरं आहे का रे हे? कोणी दलाल भेटलाय, तो 2008 चं 2010 करून देणार आणि तू पुन्हा सोळा वर्षांखालच्या चाचणीला उभा राहणार, असं कानावर आलंय. खोटं असेल तर मला चार शब्द सुनाव, मी आनंदाने ऐकेन. पण गेल्या गणपतीत तू म्हणालास ते मी विसरलेलो नाही. "मामा, नेपाळचा लामिछाने सतराव्या वर्षी आयपीएल खेळला, आणि मी अजून रांगेतच." तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता.

लामिछाने खेळला, कबूल. 2018 साली, आयपीएलमध्ये उतरलेला नेपाळचा पहिला खेळाडू. पण एका झाडाचा आंबा चैत्रात पिकला, म्हणून बाकीच्या झाडांना कार्बाइड लावायचं का?

आणि लपणार आहे थोडंच! क्रिकेट बोर्ड सोळाखालच्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढतं. ज्या मनगटाच्या जिवावर तू उड्या मारतोस, तेच तुझी चुगली करील. वय चोरणाऱ्याला दोन वर्षं बंदी, हे बोर्डाने 2020 मध्येच बजावलंय. म्हणजे चोरायची दोन आणि गमवायचीही दोन. हा कुठला हिशेब? तुझ्या आईने शिवणाचं मशीन चालवून तुला बूट घेतले ते यासाठी?

वय कमी करायची घाई फिरकीवाल्याने करावी, हे तर मला कळतच नाही. पद्माकर शिवलकर 1962 साली प्रथम श्रेणीत आले आणि 1987-88 च्या मोसमात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईसाठी डाव्या हाताने चेंडू फिरवत होते. 589 विकेटी. चेपॉकवर रणजीच्या अंतिम सामन्यात तमिळनाडूचे सोळा धावांत आठ आणि पुढच्या डावात अठरा धावांत पाच. तरी भारताची टोपी नाही मिळाली, कारण त्याच काळात तीच डावखुरी फिरकी घेऊन बेदी उभे होते. 2017 मध्ये बोर्डाने सी. के. नायडू जीवनगौरव दिला, तेव्हा शिवलकर शहात्तर वर्षांचे होते. यंदा मार्चमध्ये गेले. त्या दिवशी मी तुला फोन केला होता, तू उचलला नाहीस.

एजाज पटेल तर आपल्या शेजारचा, जोगेश्वरीचा. आठव्या वर्षी आईबापांबरोबर न्यूझीलंडला गेला. आधी वेगवान गोलंदाज होता, विशीत फिरकीकडे वळला. पहिली कसोटी मिळाली तिशीत, 2018 ला अबूधाबीत, आणि शेवटची विकेट त्याने काढली तेव्हा न्यूझीलंड चार धावांनी जिंकलं. 2021 च्या डिसेंबरात वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा. असं करणारा जगातला तिसराच, लेकर आणि कुंबळेनंतर. आणि पुढच्याच मालिकेत संघाबाहेर! तो रुसून बसला नाही. 2024 मध्ये त्याच वानखेडेवर त्याने अकरा घेतल्या.

आता माझं सांगतो. तुझ्या आईला थोडं ठाऊक आहे, तुला नाही. मी ऑफिसच्या टीमकडून टाइम्स शील्ड खेळायचो. एका शनिवारी मला लागोपाठ दोन षटकार बसले. कप्तान नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून मी चेंडू हवेत सोडायचा बंद केला, सपाट टाकू लागलो. धावा वाचल्या, विकेटी आटल्या. सत्ताविसाव्या वर्षी कोणीतरी म्हणालं, आता वय झालं तुझं, आणि मी किट माळ्यावर टाकलं. सत्तावीस! त्या वयात एजाज अजून कसोटीच्या दारात उभा होता. दाखला खरा होता माझा, पण वयाला भ्यालो मीही. म्हणून तुझ्यावर इतका ओरडतोय, दुसरं काही नाही.

तुझा हात चांगला आहे. गोठ्यामागच्या वाटेवर, शेणात गेला तर आऊट या नियमाने तू सरळ चेंडू टाकायला शिकलास. तेव्हा तुझी बोटं इवलीशी होती, चेंडू मुठीत मावत नव्हता. घाई नको, एवढंच म्हणणं आहे.

दाखल्याचं मात्र खरं खरं सांग. 2008 च्या जुलैत, भर पावसात, रात्री आरेत शिरायला एकही रिक्षावाला तयार नव्हता, बिबट्या दिसला म्हणे. दुधाच्या टेम्पोतून आम्ही तुझ्या आईला दवाखान्यात नेलं. आजीने पहाटे तुला मांडीवर घेतलं आणि दुपारी बसून कुंची शिवली, हिरवी, गोंड्याची. आजी 2009 मध्ये गेली. त्या दलालाच्या कागदावर तू 2010 चा झालास, तर बाळा, आजीने तुला पाहिलंच नाही असं होईल.

कुंची माझ्या ट्रंकेत आहे. रविवारी ये. जुना लाल चेंडू काढून ठेवतो, तू टाक, मी यष्टीमागे उभा राहीन, गुडघे कुरकुरले तरी. येताना दाखला आण, आहे तो, जुनाच.

तुझ्या आईला यातलं काही बोललेलो नाही.

तुझा,
मामा