मुक्काम मुंबई

मुलांनो, पत्र पाठवताना तुम्ही पत्त्यावर 'मु. पो. फलटण, जिल्हा सातारा' असे लिहिता. यातला 'पो.' म्हणजे पोस्ट. मग 'मु.' म्हणजे काय? 'मु.' म्हणजे मुक्काम. हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल, कारण उर्दूतला 'मकाम' तोच हा. मराठीत आल्यावर त्याला थोडी निराळी छटा आली. मुक्काम म्हणजे प्रवासात थांबण्याची, रात्र काढण्याची जागा. 'पाहुणे दोन दिवस मुक्कामाला आले आहेत', असे आपण म्हणतो.

फलटणला मुक्काम म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. दरवर्षी आषाढी वारीच्या दिवसांत आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव असे टप्पे घेत फलटणला येते आणि इथे मुक्काम करते. हजारो वारकरी गावात उतरतात. कोणी तंबू ठोकतात, कोणी शाळेच्या व्हरांड्यात पथारी पसरतात, कोणी ओळखीच्या घरी जातात. त्या रात्री कोणी कोणाला भाडे विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पालखी बरडच्या वाटेला लागते आणि गाव पुन्हा पहिल्यासारखे होते.

आता उलट विचार करा. फलटणचा माणूस दुसऱ्याच्या गावी गेला, गाव मुंबईएवढे मोठे आणि महाग निघाले, आणि मुक्काम एका रात्रीचा नसून चाळीस-पंचेचाळीस रात्रींचा असला, तर?

असा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. समजा, तुमच्या शेजारच्या आजोबांना कर्करोग झाला आहे. डॉक्टरांनी त्यांना मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायला सांगितले आहे. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली वारल्या. अशा आजारावरचा चांगला इलाज आपल्या देशातही व्हावा, अशी दोराबजींची इच्छा होती. ते स्वतः पुढच्याच वर्षी गेले, पण त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने रुग्णालय उभे केले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आज तिथे साऱ्या देशातून रुग्ण येतात.

या आजारावर किरणांनी उपचार करतात, त्यांना किरणोपचार म्हणतात. ते अनेकदा आठवड्यातून पाच दिवस आणि असे पाच-सहा आठवडे चालतात. प्रत्येक वेळी लागतात थोडी मिनिटे. एवढ्यासाठी रुग्णाला खाटेवर ठेवून घेण्याची गरज नसते. तो सकाळी येतो, उपचार घेतो आणि जातो. पण जातो कुठे? फलटणला रोज परत येणे शक्य नाही. उपचार काही मिनिटांचा आणि मुक्काम दीड महिन्याचा, अशी ही अडचण आहे. उपचाराच्या खर्चाची कशीबशी तयारी करून निघालेले घर पुष्कळदा मुक्कामाच्या खर्चाने खचते. काही जण तर रुग्णालयाजवळच्या पदपथावरच ताडपत्री बांधून राहतात. आजारी माणसाला धूळ आणि पाऊस दोन्ही बाधतात, हे त्यांना कळत नाही असे नाही.

आपण वहीवर थोडा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत. रुग्णालयाजवळच्या लॉजची खोली दिवसाला ८०० रुपयांना मिळते असे धरू. ४५ दिवसांचे झाले ३६,००० रुपये. आजोबांचा मुलगा म्हणतो, "एवढे कशाला? दूरच्या उपनगरात ६०० रुपयांत खोली मिळते." बरोबर, ४५ दिवसांचे २७,००० रुपये होतात. पण उपचाराचे दिवस ३०. आजारी माणसाला गर्दीच्या लोकलमधून नेता येत नाही, म्हणून रोज जाण्यायेण्याच्या टॅक्सीला ३०० रुपये लागले, तर त्याचे ९,००० रुपये होतात. दोन्ही मिळून पुन्हा ३६,०००! शिवाय आजोबांची दगदग झाली, ती निराळीच. जेवणाचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. म्हणून लांबच्या मुक्कामात एका रात्रीचे भाडे विचारून भागत नाही. भाडे, जेवण आणि जाणेयेणे या तिन्हींची बेरीज करावी लागते.

लॉजमध्ये राहायचेच झाले तर काही गोष्टी आधी विचाराव्यात. दिवस कसा मोजता, चोवीस तासांचा की दुपारी बारा ते बारा? रात्रीच्या एसटीने निघून पहाटे मुंबईत उतरणाऱ्याला हे माहीत नसले, तर सहा तासांसाठी एका पूर्ण दिवसाचे पैसे जातात. महिनाभर राहणार असू तर भाडे किती कमी कराल, हेही विचारावे. लॉजवाल्यालाही कायमचे गिऱ्हाईक हवे असते, तो पुष्कळदा कमी करतो. खोलीत भात शिजवायला परवानगी आहे का? जिना किती आहे? उद्‌वाहन म्हणजे लिफ्ट आहे का? आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

पण लॉज हा एकच मार्ग नाही. खरे तर तो शेवटचा मार्ग आहे. मुंबईत पैशांवाचून राहण्याचा प्रश्न जुना आहे, आणि लोकांनी त्याची उत्तरेही जुनीच शोधून ठेवली आहेत.

कापडगिरण्यांच्या काळात सातारा जिल्ह्यातले आणि कोकणातले हजारो तरुण मुंबईत कामाला आले. एकट्याला खोली परवडत नसे. मग एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली घेत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपे. भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांवर पिशव्या, एवढाच संसार. गावाहून नवा मुलगा आला की तो थेट या गावकीच्या खोलीत येई. कोकणातल्या मुसलमान वस्तीच्या काही गावांनीही आपापल्या जमातीच्या खोल्या मुंबईत ठेवल्या होत्या. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे 'कूड' तर प्रसिद्धच आहेत. धोबी तलाव, माझगाव या भागांत प्रत्येक गावाचा वेगळा कूड असे. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी तिथे अगदी थोड्या भाड्यात राहत. भिंतीलगत पेट्यांची रांग, एका बाजूला देव्हारा आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करण्याचा नियम. काही कूड अजूनही आहेत.

क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. १९९५ सालापर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून बोटीनेही जात असत. लांबच्या खेड्यांतून आलेली माणसे बोट सुटेपर्यंत या मुसाफिरखान्यात मुक्काम करत.

मुसाफिरखान्यासारखीच धर्मशाळा. धर्मशाळा म्हटले की संत गाडगेबाबांची आठवण होते. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे झाला. हातात खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरत, रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांनी लोकांकडून पैसे जमवून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पुढे त्यांचे लक्ष यात्रेकरूंइतकेच रुग्णांकडे गेले, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. १९५६ साली बाबा गेले, पण त्यांच्या माणसांनी काम थांबवले नाही. दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा आज बाहेरगावच्या कर्करुग्णांचा मोठा आधार आहे.

शिकण्यासाठी शहरात राहणाऱ्यांनाही हीच अडचण होती. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. मुसलमान मुलांसाठीचे मोहमेडन बोर्डिंग त्यांतलेच. आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग सुरू केले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि कामही स्वतःच करत.

छप्पर मिळाले तरी पोटाचे काय? गिरणगावात खानावळी होत्या. (या शब्दातला 'खाना' दवाखान्यातला नव्हे, जेवणातला. उर्दू जाणणाऱ्याला हा फरक लगेच कळेल.) बहुतेक खानावळी बायका आपल्या घरातच चालवत. सावकाराच्या कर्जातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. महिन्याचे पैसे ठरवून रोज दोन वेळचे घरगुती जेवण मिळणे, ही सोय कोणत्याही हॉटेलपेक्षा स्वस्त पडते. लांब मुक्काम असेल तर अशी खानावळ किंवा डबा जवळपास मिळतो का, याची चौकशी आधी करावी.

आता पुन्हा आजोबांकडे येऊ. टाटा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. औषध देणे हे त्याचे काम नाही. रुग्णाची राहण्याची, पैशांची, प्रवासाची अडचण ऐकणे आणि योग्य जागी पाठवणे हे त्याचे काम. बाहेरगावच्या रुग्णांसाठी वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचे निवास आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलांना कर्करोग झाला असेल तर सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे आहेत. ती २००६ सालापासून मुलांना आणि आईवडिलांना राहायला जागा देतात. अशा ठिकाणी जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ असतात. अनेक ठिकाणी रुग्णालयाची शिफारस लागते. म्हणून मुंबईला पोचल्यावर आधी लॉज शोधण्यापेक्षा, पहिल्याच दिवशी या विभागात जावे. रुग्णाची फाईल, ओळखपत्राच्या प्रती आणि गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात असावी.

तिथे अर्ज लिहावा लागला तर तो साधा असावा. असा लिहिता येईल :

"मा. समाजसेवा अधिकारी यांस,
आम्ही मु. पो. फलटण, जि. सातारा येथील रहिवासी आहोत. माझ्या वडिलांवर आपल्या रुग्णालयात सहा आठवडे किरणोपचार होणार आहेत. मुंबईत आमचे कोणीही नातेवाईक नाहीत. रोज लॉजचे भाडे देणे आम्हांला शक्य नाही. रुग्ण आणि सोबतची एक व्यक्ती यांच्या राहण्याची सोय व्हावी, यासाठी आपले शिफारसपत्र मिळावे, ही विनंती. जागा लगेच नसल्यास आमचे नाव प्रतीक्षायादीत घ्यावे. आपला नम्र."

पाहा, या अर्जात रडणे नाही आणि खोटेही नाही. किती माणसे, किती दिवस, कोणता उपचार, एवढेच आहे. तेवढ्यावरून अधिकाऱ्याला निर्णय घेता येतो.

या कामात दोन शब्द तुम्हांला फसवतील. एक 'सवलत'. उर्दूत 'सहूलत' म्हणजे सोय. मराठीत सवलत म्हणजे भाड्यात किंवा शुल्कात दिलेली सूट. कर्करुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. दुसरा शब्द 'अनामत'. हा तुमचा 'अमानत'. खोली घेताना आगाऊ ठेवलेली आणि खोली सोडताना परत मिळणारी रक्कम म्हणजे अनामत. तिचीही पावती जपून ठेवायची असते.

धर्मशाळेत राहण्याचे नियम असतात. ठरलेल्या दिवसांनंतर मुदत वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी लागते. रात्री ठरावीक वेळी दार बंद होते. आपली जागा आपण झाडायची असते. काहींना हे जाचक वाटते. पण तिथे एक गोष्ट लॉजमध्ये कधीच न मिळणारी मिळते. शेजारच्या खाटेवर बिहारचा किंवा विदर्भाचा रुग्ण असतो. तो महिनाभर आधी आलेला असतो. रक्ततपासणीची रांग कुठे लागते, स्वस्त औषध कुठे मिळते, कोणत्या दिवशी गर्दी कमी असते, हे सारे तो न विचारता सांगतो. आणि आजोबा फलटणला परतायला निघतात, तेव्हा मुलगा घेतलेला स्टोव्ह आणि दोन पातेली नव्याने आलेल्या कुटुंबाला देऊन टाकतो.

स्वाध्याय

१. दूरच्या स्वस्त खोलीचा खर्च जवळच्या महाग खोलीएवढाच का झाला? तुमच्या शब्दांत सांगा.
२. 'मुक्काम', 'शिफारस', 'अर्ज', 'सवलत' हे शब्द वाक्यांत वापरा. उर्दूतला अर्थ आणि मराठीतला अर्थ सारखाच आहे का, ते वर्गात बोला.
३. तुमच्या गावातले कोणी शिक्षण, नोकरी किंवा उपचार यांसाठी मोठ्या शहरात राहिले असेल, तर त्यांना भेटा. त्यांनी जागा कशी मिळवली, ते दहा ओळींत लिहा.
४. पुण्याच्या एखाद्या वसतिगृहात जागा मिळावी म्हणून अर्ज लिहा.